७३० दिवसांचा हिशेब: मुदत संपलेल्या पीआर कार्डावर कॅनडाला परतताना घेतलेली सल्लासेवा

कॅनडाच्या पीआर कार्डाची, म्हणजे कायमस्वरूपी रहिवासी असल्याच्या ओळखपत्राची, मुदत संपलेली असताना नाशिकहून मिसिसॉगाला परतण्यासाठी मी २०२३ च्या शेवटी ब्रॅम्प्टनमधील एका परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार बाईंची सेवा घेतली. जाहिरात नको, अशी त्यांची इच्छा असल्यामुळे त्यांचे नाव देत नाही. मात्र अशी सेवा विकत घेताना नेमके काय पारखावे, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी मे २०१८ मध्ये यजमानांबरोबर कॅनडात गेले. १० फेब्रुवारी २०२१ रोजी, आईला अर्धांगवायूचा झटका आल्याचे कळल्यावर, मी एकटीच नाशिकला आले आणि तिच्या सेवेत अडीच वर्षे गेली. जून २०२३ मध्ये कार्डाची मुदत संपली. ऑगस्टमध्ये आई गेली. परतीचा विचार सुरू झाला तेव्हा लक्षात आले की वैध कार्डाशिवाय विमान कंपनी मला विमानात बसूच देणार नाही, आणि नवे कार्ड भारतातून मागवता येत नाही, कारण त्या अर्जासाठी कॅनडात असावे लागते.

आधी मी ओळखीतून समजलेल्या एका स्थानिक एजंटाकडे गेले होते. त्याने दोन सल्ले दिले आणि दोन्ही घातक होते. पहिला असा की, एकदा पीआर मिळाले की ते कायमचे असते, तेव्हा आईचे वर्षश्राद्ध उरकून निवांत जावे. घरच्या वडीलधाऱ्यांचीही तीच इच्छा असल्यामुळे मला तो सल्ला पटला होता. दुसरा असा की, घाई असेल तर पीआर सोडून द्यावे आणि पर्यटक व्हिसावर जावे. कार्डाची मुदत संपली तरी दर्जा संपत नाही, पण तो आपण होऊन सोडल्याचे लेखी दिले की मात्र तो खरोखरच जातो, हे सांगण्याची तसदी त्याने घेतली नाही.

ब्रॅम्प्टनच्या बाईंनी पहिल्या अर्ध्या तासात फक्त दिवस मोजले. कॅनडाच्या कायद्याप्रमाणे कायमस्वरूपी रहिवाशाने कोणत्याही पाच वर्षांत किमान ७३० दिवस देशात असावे लागते, आणि ही पाच वर्षे अर्जाच्या दिवसापासून मागे मोजली जातात. ६ नोव्हेंबर २०२३ ही अर्जाची तारीख धरून माझ्या हिशेबाने ७७९ दिवस भरत होते, त्यांच्या हिशेबाने ७८२. देशात दिवसाचा काही भाग घालवला तरी तो पूर्ण दिवस धरतात. मी मात्र निघण्याचा दिवस, तसेच डिसेंबर २०१९ मध्ये भावाच्या लग्नासाठी केलेल्या भारतवारीतील जाण्या-येण्याचे दोन दिवस वगळले होते.

तीन दिवसांच्या फरकाने मोठे काही घडले नसते. खरी गोष्ट त्यांनी त्यानंतर सांगितली, आणि तिच्यासाठीच मी या सेवेला मनापासून चांगले म्हणते. मी भारतात असेपर्यंत रोज पुढचा एक दिवस रिकामा जात होता आणि मागचा, म्हणजे २०१८ च्या नोव्हेंबरातला, कॅनडात घालवलेला एक दिवस गळत होता. ७८२ मधून ७३० वजा केले तर उरतात ५२. म्हणजे डिसेंबरअखेरीस माझी शिल्लक संपणार होती, आणि वर्षश्राद्ध होते पुढच्या ऑगस्टमध्ये. मी त्या रात्री आईच्या फोटोसमोर बसून फार रडले, पण निर्णय झाला. वर्षश्राद्ध भावाने नाशिकला केले.

त्यांनी सुचवलेला मार्ग म्हणजे पीआरटीडी, अर्थात कायमस्वरूपी रहिवाशाचा प्रवास दस्तऐवज. सरकारी शुल्क ५० कॅनेडियन डॉलर. अर्ज ऑनलाइन भरला, मंजुरीनंतर पासपोर्ट मुंबईच्या व्हिसा अर्ज केंद्रात दिला आणि तो स्टिकर लागून परत आला. यजमान अमेरिकेतील बफेलोपर्यंत गाडी घेऊन येऊ शकतील, तिथून सीमेवरच्या पीस ब्रिजवरून खासगी गाडीने कॅनडात जाता येईल का, असेही मी विचारले होते. त्यांनी ते कायदेशीर असल्याचे स्पष्ट सांगितले, कारण दर्जा सिद्ध झाला की कायमस्वरूपी रहिवाशाला प्रवेश नाकारता येत नाही. मात्र माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा नव्हता. शिवाय दिवस कमी असलेल्या माणसाविरुद्ध सीमेवरील अधिकारी अहवाल लिहू शकतो, त्यातून देश सोडण्याचा आदेश निघू शकतो आणि त्यावर अपील करायला ३० दिवस मिळतात, ही बाजूही त्यांनी लपवली नाही. परदेशात असताना पीआरटीडी नाकारला गेला तर अपिलाची मुदत ६० दिवसांची असते.

दिवस अपुरे असते तर आईच्या आजारपणाची कागदपत्रे जोडून मानवीय कारणांवर विनंती करावी लागली असती, आणि तिच्या निकालाची हमी आपण देणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. यजमान कॅनडाचे नागरिक असते आणि नाशिकला माझ्यासोबत राहिले असते, तर ते दिवसही मोजले गेले असते, ही माहितीही त्यांच्याकडूनच मिळाली. आपल्याकडच्या अनेक कुटुंबांना ती उपयोगी पडावी.

तक्रार एकच आहे, पण ती लहान नाही. कागदपत्रे त्यांनी तीन हप्त्यांत मागितली: आधी दोन्ही पासपोर्टांच्या सर्व पानांच्या प्रती, मग आयकराच्या नोटिसा, आणि शेवटी भाडेकरार व बँकेची विवरणे. जिथे प्रत्येक दिवस मोजायचा, तिथे ही यादी पहिल्याच दिवशी हाती पडायला हवी होती. वेळेतील फरकामुळे एकेका उत्तराला दीड दिवस लागे, ते मी समजू शकते.

ज्यांचे दिवस भरपूर भरतात, त्यांनी पूर्ण सेवेवर खर्च करू नये. अर्ज स्वतः भरण्यासारखा आहे आणि बाईंनी मलाही तो पर्याय देऊ केला होता. ज्यांचा हिशेब काठावर आहे, त्यांनी मात्र सल्ला घ्यावाच, आणि पैसे देण्यापूर्वी त्या सल्लागाराचे नाव ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या त्यांच्या नियामक संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत शोधावे. पहिल्या एजंटाचे नाव त्या नोंदवहीत नव्हते.

स्टिकर ११ डिसेंबरला हाती आला. विमानतळावरही दिवस पुन्हा मोजले जाऊ शकतात, तेव्हा थांबू नका, असा बाईंचा निरोप होता, म्हणून १४ तारखेला मी टोरंटोला उतरले. तेव्हा ७३० च्या वर जेमतेम चौदा दिवस उरले होते. तिथे राहू लागल्यावर मागे गळणाऱ्या दिवसाची जागा रोज पुढचा दिवस भरून काढतो, म्हणून ती शिल्लक तशीच टिकली. नव्या कार्डाचा अर्ज मी त्यांच्या सांगण्यावरून स्वतःच भरला, आणि कार्ड एप्रिलमध्ये मिसिसॉगाच्या पत्त्यावर टपालाने आले.