मीटिअर ३५० आणि सॅडलबॅगा: चौसष्टाव्या वर्षी नऊ महिने, ७,४०० किलोमीटर

दसऱ्याला रॉयल एनफील्डची मीटिअर ३५० ही मोटरसायकल घेतली, आता आषाढ संपत आलाय. एवढ्या काळात काट्यावर ७,४०० किलोमीटर झाले, त्यातले निम्म्याहून जास्त सामान लादून. नवीन गाडीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. पण साठी उलटलेल्या माणसाला सामानासकट गाडीवर चढायचं कसं, उतरायचं कसं, थांबायचं कसं, हे मला कुठे नीट वाचायला मिळालं नाही, म्हणून लिहितोय.

मी ओझरच्या विमान कारखान्यात ३४ वर्षं फिटर होतो. डावा गुडघा झिजलाय, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. उंची ५ फूट ५ इंच. मीटिअर घेतली ती एका आकड्यासाठी: सीटची उंची ७६५ मिलिमीटर. दोन्ही तळवे पूर्ण जमिनीला टेकतात. गाडीचं वजन १९१ किलो आहे, म्हणजे हलकी नाही. पण वजन कमी उंचीवर आहे आणि पाय टेकतात, त्यामुळे नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत दर दहा फुटांवर थांबताना जीव दडपत नाही. गिअरचा लिव्हर टाच-पंजाचा आहे, टाचेने वरचे गिअर पडतात, गुडघ्याला तेवढीच सुटका. टाकी १५ लिटरची. मला सामानासह लिटरला ३२-३३ मिळतात, मोकळ्या गाडीवर ३५ च्या आसपास. चालवतो ६० ते ७०च्या वेगाने.

आता सामान. सुरुवातीला मागच्या कॅरिअरवर मोठा टॉप बॉक्स बसवला होता. कुलूप लागतं, हेल्मेट मावतं, पावसाची भीती नाही, म्हणून मन भरलं. पेठ रस्त्याने सावळघाट उतरताना पहिल्यांदा जाणवलं की हँडल हलकं लागतंय. वळणावर गाडी मी सांगतो तिथे जायला किंचित उशीर करतेय. खाली उतरून डबा उघडला तर पाण्याच्या दोन बाटल्या, रेनकोट, अवजारांची पिशवी, पंप, खाण्याचा डबा, सगळं मिळून ११-१२ किलो तरी असेल आणि ते सगळं मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे, तेही कमरेच्या उंचीवर. सी-सॉच्या टोकाला बसवल्यासारखं. मागचा आस हा टेकू, मागे वजन दाबलं की पुढचं चाक तेवढं हलकं होणार. ओझरला आम्ही विमानात एक लहानसं यंत्र बदललं तरी त्याचं वजन आणि जागा कागदावर चढत असे. तोच माणूस स्वतःच्या गाडीवर विचार न करता बारा किलो शेपटाला टांगून घाट उतरत होता. याचं मला मनापासून वाईट वाटलं.

तरी डबा काढला नाही. काढायला लावलं ते घोटीने. भंडारदऱ्याहून परत येताना चहाला थांबलो. निघताना नेहमीसारखा उजवा पाय मागून फिरवला. डबा आडवा आला, बुटाची टाच त्याच्या कडेला अडकली आणि मी एका पायावर. गाडी साइड स्टँडवरून माझ्याच वजनाने उजवीकडे कलली आणि सावकाश आडवी झाली. वेग शून्य. लेग गार्डमुळे गाडीला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, मला मनगटाला मुका मार. टपरीवरचा पोरगा धावत आला, "काका, तुम्ही सोडा, आम्ही धरतो," म्हणाला आणि तिघांनी गाडी उभी केली. घरी येईपर्यंत मी एकच गोष्ट मनात घोळवत होतो: या वयात धोका फक्त धावत्या गाडीवर नसतो, थांबलेल्या गाडीवर पाय टाकतानाही असतो. डबा निवडताना त्यात किती लिटर मावतं हे मी पहिलं पाहिलं होतं. पहिलं पाहायला हवं होतं ते पाय कुठून जाणार हे.

नोव्हेंबरात डबा विकला आणि मऊ सॅडलबॅगा, म्हणजे मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या, घेतल्या. दोन्ही बाजूंचे लोखंडी स्टे (बॅगेला आधार देणाऱ्या चौकटी) आणि बसवणावळ धरून साडेतेरा हजार गेले. ॲल्युमिनियमच्या पेट्याही पाहिल्या. भक्कम असतात, पण रिकाम्याच जड आणि रुंदीला एवढ्या की भद्रकालीच्या गल्लीत रिक्षाला घासल्याशिवाय राहणार नाहीत. शिवाय पाय टेकत मागे सरकताना पोटरी पेटीवर आपटते. मऊ बॅग निदान दबते.

बसताना माझी रीत अशी: गाडी साइड स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये, पुढचा ब्रेक दाबलेला. पाय मागून फिरवायचा नाही. उजवा गुडघा छातीकडे दुमडून, टाकी आणि मागच्या सीटच्या मधून पलीकडे न्यायचा. मागे काहीच उंच नसल्यामुळे आणि सीट खाली असल्यामुळे हे जमतं. मंडळींना बसवताना गाडी सोसायटीच्या पायरीला लावतो. माझे दोन्ही पाय टेकले, ब्रेक दाबला, की मी "हं, बस" म्हणतो, त्याआधी ती हात लावत नाही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, बॅगा लावल्यावर एका बाजूला पाय सोडून बसता येत नाही. ती आता सलवार-कमीज घालून दोन्हीकडे पाय टाकून बसते आणि तिच्या म्हणण्यानुसार कंबर पूर्वीपेक्षा कमी दुखते.

बसवणाऱ्याने स्टे लावताना साडी गार्ड काढून टाकायला घेतला होता. "काका, आता कोण ठेवतं?" मी हात धरला. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकलेला असणं मोटार वाहन नियमांतच आहे आणि ओढणी चाकात गेली की काय होतं ते मी एकदा जेलरोडला डोळ्यांनी पाहिलंय. अर्धा तास जास्त लागला, स्टेला दोन वायसर जादा घालावे लागले, पण गार्ड राहिला.

त्याच कामात एक चूक मात्र माझ्या नजरेतून सुटली. स्टेला साधे नट लावले होते. सहाशे किलोमीटरनंतर कसारा घाटात डावी बॅग खडखड करायला लागली. पाहतो तर खालचा बोल्ट बोटाने फिरतोय. सुटला असता तर बॅग चाकात गेली असती. आता सगळीकडे नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, हादऱ्याने सैल न होणारे) आहेत, आणि प्रत्येक आवळलेल्या नटावरून शेजारच्या पट्टीपर्यंत लाल रंगाची बारीक रेघ ओढलीय. कारखान्यातली सवय. नट हलला की रेघ तुटते. निघण्यापूर्वी टॉर्च मारून आठ रेघा पाहायच्या, अर्धा मिनिटही लागत नाही. पाना लावून दरवेळी आवळत बसायची गरज नाही, उलट त्याने आटे खराब होतात.

वजन दोन्हीकडे सारखं हवं. मी भाजीवाल्यांकडे असतो तसा ताणकाटा घेतलाय. बॅग भरली की लटकवून बघतो, एका बाजूला ७ किलोच्या वर नाही आणि दोन्हींत फरक फार तर अर्ध्या किलोचा. अवजारं, पंप आणि पंक्चरचं सामान तळाला. मागचे शॉकअप सहा टप्प्यांत कडक करता येतात, मंडळी आणि सामान दोन्ही असले की ते कडक करतो, मागच्या टायरमध्ये हवा वाढवतो, तीही सकाळी टायर थंड असताना. मागे वजन बसलं की हेडलाइट वर जातो, तो खाली करायचा. हे बहुतेक जण विसरतात, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तो झोत कसा घुसतो हे ऑपरेशन झालेल्या डोळ्याला विचारा. अंधार पडल्यावर मी हायवेला गाडी काढत नाही.

उजव्या बॅगेखाली सायलेन्सर आहे. मधे पत्रा लावलाय तरी बॅगेचा तळ कोमट होतो. मेमध्ये बीपीच्या गोळ्यांची पट्टी उजवीकडे राहिली, सापुताऱ्याला पोचेपर्यंत तिचं प्लास्टिक मऊ पडलेलं. तेव्हापासून औषधं आणि खाणं डावीकडे, उजवीकडे फक्त कपडे.

फेब्रुवारीत महेश्वर केलं. धुळ्याला मुक्काम, दुसऱ्या दिवशी शिरपूर, बिजासन घाट, सेंधवा. दर पन्नास किलोमीटरला उतरायचं, पाणी, पाय मोकळे करणं. मीटिअरसारख्या क्रूझर गाडीवर पाय पुढे असतात, त्यामुळे खड्ड्यात फूटरेस्टवर उभं राहून धक्का झेलता येत नाही, तो थेट कण्यात जातो. कमरेचा पट्टा बांधला होता आणि खड्डा दिसला की वेग सोडून द्यायचा. शहरात सध्या सिंहस्थाची कामं चालू असल्यामुळे हे रोजचंच झालंय. परवान्याचंही सांगतो: पंचावन्न उलटल्यावर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं आणि डॉक्टरचा दाखला लागतो. मी तो मनापासून तपासून घेतला, नुसता सही-शिक्का नाही.

पावसात बॅगांची कव्हरं कामाची नाहीत. साठच्या वेगाला ती फुगतात आणि खालून पाणी आत घेतात. दिंडोरीच्या एका बागायतदार मित्राने उपाय दिला: खताच्या गोणीतली जाड प्लास्टिकची पिशवी, तीन वेळा धुऊन वाळवलेली. ती बॅगेच्या आत घालायची, सामान भरायचं, तोंड पिळून दुमडायचं आणि रबर लावायचं. गेल्या आठवड्यात इगतपुरीला दीड तास भिजलो. बॅग पिळली तर पाणी निघत होतं. आतला टॉवेल आणि त्यात गुंडाळलेला दिवसाचा पेपर कोरडा होता.