हायड्रोजनसाठी उत्प्रेरक शोधताना: डीएफटी की मशीन लर्निंग?

कमी विजेत पाण्यापासून हायड्रोजन काढणारा उत्प्रेरक संगणकावर शोधायचा, असा एमएस्सीचा प्रकल्प घेतला की पहिला पेच हाच. डीएफटीने, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून रचनेची ऊर्जा काढणाऱ्या क्वांटम पद्धतीने, मोजक्या रचनांचं सखोल गणित करायचं, की मशीन लर्निंगने हजारो रचना चाळायच्या? नायट्रोजनयुक्त ग्राफीनमध्ये (कार्बनच्या एक अणू जाडीच्या थरात) बसवलेला एकटा धातूचा अणू हा तुमचा विषय असेल, तर मी निःसंकोच डीएफटी सुचवेन.

डीएफटीने आपली पत कमावली आहे. 2005 मध्ये डेन्मार्कमध्ये नॉर्स्कोव्ह यांच्या गटाने गणिताने दाखवलं, की मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या कडेला हायड्रोजन फार घट्टही चिकटत नाही आणि फार सैलही राहत नाही; चांगल्या उत्प्रेरकाला हेच लागतं. 2007 मध्ये प्रयोगाने ते सिद्ध झालं: अभिक्रियेचा वेग क्षेत्रफळावर नाही, कडांच्या लांबीवर ठरतो! प्लॅटिनम या उत्तम पण महागड्या उत्प्रेरकाला पर्याय शोधणाऱ्यांना यातून केवढा धीर मिळाला असेल.

मात्र डीएफटीला वेळ लागतो आणि बंधऊर्जेत (हायड्रोजन किती घट्ट चिकटतो त्या मापात) 0.1 इलेक्ट्रॉनव्होल्टची (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) चूक सहज राहते. खोलीच्या तापमानाला 0.06 इलेक्ट्रॉनव्होल्टनेसुद्धा वेग दहापट बदलू शकतो. म्हणून दोन उमेदवारांत 0.02 चा फरक दिसला, तर त्यावरून क्रमवारी लावू नका.

मशीन लर्निंगचं बळ वेगात आहे. मेटा आणि कार्नेगी मेलन यांच्या ओपन कॅटलिस्ट प्रकल्पाच्या 2020 च्या माहितीसंचात 12 लाखांहून अधिक रचनांची डीएफटी गणितं आहेत. मिश्रधातू चाळायचे असतील तर हाच रस्ता धरा आणि निवडक रचना डीएफटीने तपासून घ्या. पण त्या संचातले पृष्ठभाग अजैव स्फटिकांचे आहेत. ग्राफीनमधला एकटा अणू त्यावर शिकलेल्या मॉडेलला अनोळखी, तरीही ते आकडा देणारच.

शिवाय एकट्या अणूवर दोन हायड्रोजन एकत्र बसू शकतात. मिलानच्या पाकिओनी यांच्या गटाने 2021 मध्ये हे ठळकपणे मांडलं. अशा वेळी एका हायड्रोजनच्या बंधऊर्जेवर भागत नाही. अभिक्रियेतल्या मधल्या अवस्था आणि धातूचं स्पिन (त्याच्या इलेक्ट्रॉनांची चुंबकीय अवस्था) स्वतः तपासावं लागतं.

खर्चाचं म्हणाल तर डीएफटीच्या सॉफ्टवेअरपैकी क्वांटम एस्प्रेसो मोफत आहे, व्हास्पला परवाना लागतो. सुरुवात प्लॅटिनमच्या (111) पृष्ठभागापासून, म्हणजे स्फटिकाच्या एका ठरावीक प्रतलापासून करा; त्याचं उत्तर आधीच माहीत आहे. तिथे हायड्रोजन चिकटण्याची मुक्त ऊर्जा (तापमानाचा परिणाम धरलेली बंधऊर्जा) उणे 0.09 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास यायला हवी. ती आली नाही, तर नव्या रचनेला हात लावण्याआधी गणिताची मांडणी दुरुस्त करा.