माळ्यावरच्या व्हीएचएस कॅसेट: दुकानात द्यायच्या की घरीच उतरवायच्या?

रिडेव्हलपमेंटची तारीख ठरली की मुंबईतल्या घरात सगळ्यात आधी माळा रिकामा होतो. आमचं गिरगावातलं घर सोडताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत 23 व्हीएचएस कॅसेट निघाल्या. बऱ्याचशा बाबांनी दूरदर्शनवरून रेकॉर्ड केलेल्या होत्या आणि काही विकत आणलेल्या पिक्चरच्या. चार मात्र अशा होत्या की त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती: आत्याचं लग्न, माझी मुंज, चाळीतला गणपती आणि कोकणातल्या घराची वास्तुशांत. भंगारवाला दारात उभा होता. त्याला थांबवलं आणि ट्रंक भाड्याच्या घरी नेली.

त्यानंतर मी दोन्ही वाटा चालून पाहिल्या. एक कॅसेट त्या फाइलमध्ये उतरवून देणाऱ्या दुकानात दिली आणि बाकीच्या बहुतेक घरी उतरवल्या, म्हणजे त्यातलं चित्र आणि आवाज लॅपटॉपवर फाइल करून घेतला. तुमच्याही घरी अशी ट्रंक निघाली असेल तर ठरवायला हे उपयोगी पडेल.

आधी निवड करा. विकत आणलेल्या पिक्चरच्या कॅसेटवर वेळ घालवू नका. त्यातल्या बऱ्याच कॅसेटना कॉपी होऊ नये म्हणून संरक्षण असायचं, त्यामुळे उतरवताना चित्र मध्येच उजळतं, मध्येच काळवंडतं. शिवाय तो पिक्चर आज याहून चांगल्या प्रतीत मिळतो. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कॅसेटचं तसं नाही. मालिका कदाचित आज कुठेतरी बघायला मिळेल, पण तिच्या आधीच्या जाहिराती, निवेदिकेचं बोलणं, बातम्यांचा तुकडा, ‘व्यत्यय’ची पाटी हे सगळं कोण जपून ठेवणार? मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि रंगीत प्रक्षेपण आलं 1982 मध्ये. कॅसेट चालवणारे आणि रेकॉर्ड करणारे व्हीसीआर घरोघरी आले ते त्यानंतर, म्हणून घरच्या कॅसेटमध्ये जे काही टिकलंय ते बहुतेक त्याच काळातलं. मी त्या कॅसेट पुढे पळवत पाहिल्या, आणि मालिकेपेक्षा मधला साबणाच्या जाहिरातीचा अर्धा मिनिट आला की बाबा जास्त खूश व्हायचे.

आता बुरशी. मुंबईचे पंचवीस-तीस पावसाळे माळ्यावर काढलेल्या कॅसेटला ती लागलेली असू शकते. कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारून गुंडाळलेल्या फितीची कड बघा. कड काळी चकचकीत असेल तर ठीक. पांढरट-करडी पूड किंवा जाळी दिसली तर ती कॅसेट कुठल्याही व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. आमच्या 23 पैकी 5 कॅसेट अशा निघाल्या, आणि त्यातच वास्तुशांतीची होती.

बुरशीच्या कॅसेटसाठी घरचा पर्याय मी बादच धरतो. फीत बाहेर काढून, पुसून, दुसऱ्या खोक्यात भरणं हे सवयीच्या हाताचं काम आहे. दुकानदाराला सरळ विचारा, “बुरशी तुम्ही स्वतः साफ करता का, आणि त्यासाठी वेगळं मशीन ठेवलंय का?” तो गोंधळला किंवा “होऊन जाईल” म्हणाला, तर कॅसेट घेऊन परत या. तुटलेली किंवा चुरगळलेली फीतही अशाच जाणत्या माणसाकडे द्यायची.

बुरशी नसलेल्या कॅसेटसाठी मात्र दुकान आणि घर यांची खरी तुलना होते.

दुकानाची जमेची बाजू म्हणजे मशीन. चांगल्या दुकानात व्हीसीआरच्या पुढे टाइम बेस करेक्टर जोडलेला असतो. जुन्या फितीवरची चित्राची प्रत्येक रेघ थोडी आधी-नंतर येते आणि त्यामुळे उभ्या कडा थरथरतात. हे यंत्र त्या रेघा सरळ रांगेत लावतं. चित्राचा वरचा भागही वाकडा होत नाही. घरी हे सहज जमत नाही. वेळही वाचतो, कारण तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, दुकानात काय आणि घरी काय. दोन-चारच कॅसेट असतील तर पैशांतही दुकान परवडतं.

तरीही आत्याच्या लग्नाच्या कॅसेटने मला शिकवलं ते वेगळंच. मी ती दुकानात दिली आणि तीन दिवसांत पेनड्राइव्ह मिळाला. चित्र सुरेख होतं. पण मंगलाष्टकांच्या जागी सनईचं तयार संगीत टाकलं होतं. पंगतीचा जवळजवळ सगळा भाग गायब होता. विचारल्यावर कळलं, मूळ आवाजात खरखर होती आणि पंगतीत ‘काही घडत नव्हतं’. त्या पंगतीत माझी आजी हातात ताट घेऊन फिरत होती आणि प्रत्येकाला जिलबीचा आग्रह करत होती. तिचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही. मूळ कॅसेट परत मिळाली म्हणून तो वाचला.

म्हणून दुकानात द्यायची असेल तर चिठ्ठीवर लिहूनच द्या: कापाकापी नाही, संगीत नाही, टायटल नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत जसंच्या तसं. चित्राचा आकार 4:3 च (रुंदी 4, उंची 3) ठेवायला सांगा, नाहीतर मोठ्या टीव्हीच्या मापात ताणलेली माणसं बुटकी-जाडी दिसतात. “4के करून देतो” याला जादा पैसे मोजू नका. व्हीएचएसच्या फितीवर आडवा तपशील मुळातच साधारण 240 रेघांइतका असतो, आणि तो वाढवता येत नाही. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीला 720 बाय 576 पिक्सेल पुरेसं आहे. डीव्हीडी नको, फाइल मागा. आणि मूळ कॅसेट परत घेतल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका.

घरच्या वाटेतली खरी अडचण व्हीसीआर मिळवण्याची आहे. शेवटच्या काही उत्पादकांपैकी असलेल्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै 2016 मध्ये व्हीसीआरचं उत्पादन थांबवलं, त्यामुळे मिळेल तो जुनाच. नात्यात कुणाच्या शोकेसमध्ये पडून आहे का ते आधी विचारा. नसेल तर लॅमिंग्टन रोडची दुरुस्तीची दुकानं आणि चोर बाजारातली मटण स्ट्रीट या दोन ठिकाणी चक्कर टाका. जाताना एक टाकाऊ कॅसेट बरोबर न्या आणि चालवणं, पुढे-मागे पळवणं, कॅसेट बाहेर काढणं हे सगळं तिथेच करून बघा. बहुतेक मशीन आतला रबरी पट्टा सैल किंवा चिकट झाल्यामुळे अडतात. तो बदलता येतो. हेड झिजलेलं असेल तर मात्र घेऊ नका. पालमध्ये हेडचं ड्रम मिनिटाला 1500 फेरे फिरतं, त्यामुळे बिघडलेल्या मशीनमध्ये चांगल्या फितीचाही चुराडा होऊ शकतो. म्हणून पहिल्यांदा नेहमी टाकाऊ कॅसेट, मग पिक्चरची, आणि सगळ्यात शेवटी घरच्या कार्यक्रमाची.

बाकीचं सोपं आहे. पिवळी-पांढरी-लाल पिन असलेली वायर, व्हीसीआरचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं, यूएसबीला लागणारं छोटं कॅप्चर उपकरण आणि लॅपटॉप. ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सेटिंगमध्ये पाल निवडायला विसरू नका, नाहीतर चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर सरकत राहतं. अमेरिकेहून नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट मात्र तिकडच्या एनटीएससी पद्धतीची असते, तिला ती पद्धत चालवणारा व्हीसीआर लागतो. फाइल तासाला साधारण 2 ते 4 जीबी होते. कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची जिभली अजून शाबूत असेल तर आधी तोडून टाका. ती नसली की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी जुनं पुसलं जात नाही. एसीच्या थंड खोलीतून कॅसेट दमट हवेत आणलीत तर दोन-तीन तास तशीच ठेवा. फितीवर बाष्प असताना ती ड्रमला चिकटते.

लहान आकाराच्या कॅमेऱ्याच्या कॅसेट या हिशेबात बसत नाहीत. व्हीएचएस-सी अडॅप्टरमध्ये घालून चालते. हाय-8 आणि मिनीडीव्हीला त्या प्रकारचा कॅमेरा लागतो, आणि तो नसेल तर दुकानच.

खर्च आणि चित्राची प्रत एवढंच बघायचं असतं, तर पाच-सहा कॅसेटपर्यंत मी दुकान म्हटलं असतं. पण घरच्या वाटेत एक गोष्ट आहे ती मला आधी तोट्याची वाटत होती. तीन तासांची कॅसेट तीन तास चालू ठेवावी लागते. मग मी रविवारी दुपारी व्हीसीआर लावायला लागलो, आणि बाबा शेजारी येऊन बसायला लागले. मुंजीच्या कॅसेटमध्ये मला जेमतेम दहा माणसं ओळखता आली. बाबांनी चाळीस-एक सांगितली. हा दुसऱ्या मजल्यावरचा, याने मंडपाची वायर टाकली होती. ही आईची शाळेतली मैत्रीण, नंतर बडोद्याला गेली. मी वहीत मिनिट आणि नाव लिहीत गेलो. दुकानातून आलेल्या फाइलमध्ये यातलं काहीच नव्हतं, आणि ते येणं शक्यही नव्हतं.

म्हणून माझा निर्णय असा झाला. बुरशीची किंवा तुटलेली कॅसेट, आणि कॅमेरा नसेल तर हाय-8 किंवा मिनीडीव्ही, दुकानात, लेखी सूचनांसकट. घरच्या कार्यक्रमाची चांगली कॅसेट, त्यातली माणसं ओळखणारं कुणी घरात असेल तर, घरीच, भले चित्र थोडं थरथरलं तरी चालेल. ते माणूस गावी असेल तर दिवाळीला मुंबईत येईपर्यंत थांबा, पण कॅसेट तोवर माळ्यावर नको, कोरड्या कपाटात उभी ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कॅसेट सवडीने. हे सगळं येत्या पावसाळ्याआधी सुरू झालेलं बरं.

फाइल तयार झाल्यावर तिच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरात राहू द्या, भावाकडे किंवा बहिणीकडे. फाइलच्या नावात साल आणि प्रसंग लिहा. मूळ कॅसेट टाकू नका, उद्या याहून चांगलं मशीन हाताशी आलं तर तीच लागेल.

आत्याच्या लग्नाची कॅसेट मी नंतर घरी पुन्हा उतरवली. पंगत पूर्ण अकरा मिनिटांची आहे. आत्या परवा ती बघायला डोंबिवलीहून आली होती. आजी ताट घेऊन तिच्या सासऱ्यांपुढे थांबते तिथे तिने मला तीन वेळा मागे न्यायला लावलं.