जकात स्वतःच्या हाताने द्यावी की संस्थेमार्फत?

जकात म्हणजे मुसलमानाने दरवर्षी संपत्तीतून द्यायचं सक्तीचं दान. तिचे हक्कदार कोण, हे कुराणच्या सूरह तौबाच्या 60व्या आयतीत ठरलेलं आहे: फकीर आणि मिस्कीन (गरीब आणि निराधार), जकातीचं काम पाहणारे, ज्यांची मनं जोडायची आहेत ते, गुलामांची सुटका, कर्जात बुडालेले, अल्लाहची राह आणि वाटेत अडकलेला मुसाफिर. रक्कम ओळखीच्या गरजूच्या हातावर ठेवायची की नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात भरायची, हे ज्याने-त्याने ठरवायचं असतं.

आधी हिशोब, कारण तो दोन्हीकडे सारखाच. हनफी (इस्लामी धर्मकायद्याची एक परंपरा) मोजणीत निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान संपत्ती, 87.48 ग्रॅम सोनं किंवा 612.36 ग्रॅम चांदी. काही आलिम (धर्मविद्वान) 85 आणि 595 ग्रॅम धरतात. निसाबावर चांद्रवर्ष पूर्ण झालं की 2.5 टक्के. वर्ष इंग्रजी तारखांनी मोजत असाल तर दहा-अकरा दिवस वाढतात, म्हणून साधारण 2.577 टक्के काढावी. रमजानमध्येच द्यायला हवी असंही नाही. तुमचं वर्ष ज्या तारखेला भरतं, ती तारीख महत्त्वाची.

स्वतःच्या हाताने देण्याचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे नातेवाईक. गरिबाला दिलेला सदका (दान) एक सवाब (पुण्य), नातेवाइकाला दिलेला दोन, सदक्याचा आणि नातं जपण्याचा, अशी हदीस (प्रेषितांचं वचन) आहे. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं आणि पत्नी यांना जकात चालत नाही. भाऊ, बहीण, काका, मामा, आत्या, मावशी, भाचे-पुतणे हक्कदार असतील तर त्यांना चालते, आणि बहुतेक जण नेमकं हेच विसरतात. ‘ही जकात आहे’ असं सांगायचीही गरज नाही. देताना किंवा रक्कम वेगळी काढताना नियत केली की पुरे. भेट किंवा ईदी म्हणून दिली तरी अदा होते. जो कधी मागत नाही, ज्याच्या कपड्यांवरून तंगी कळत नाही, अशा सफेदपोश माणसापर्यंत कोणताही अर्ज पोहोचत नाही, शेजारी पोहोचतो.

पण याच पद्धतीत सर्वाधिक जकात वायाही जाते. दारात येणाऱ्या प्रत्येकाला थोडं-थोडं दिलं की कोणाचीच गरज भागत नाही. शिवाय पाच घरं एकमेकांना न विचारता वाटतात, तेव्हा बोलक्या कुटुंबाला पाच ठिकाणांहून मिळतं आणि गप्प बसणाऱ्याला काहीच नाही. देणारा समोर असल्यामुळे उपकाराची जाणीव करून देण्याचा मोहही होतो. सूरह बकराची 264वी आयत बजावते की उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून सदका वाया घालवू नका. आणखी एक नेहमीची चूक: जुनी उसनवारी माफ करून ‘ती जकातीत धरली’ म्हणणं. बहुसंख्य फकीहांच्या (धर्मकायद्याच्या जाणकारांच्या) मते अशी जकात अदा होत नाही. कर्जदार हक्कदार असेल तर रक्कम आधी त्याच्या हातात द्या. मग त्याने स्वखुशीने कर्ज फेडलं तर हरकत नाही.

संस्थेची ताकद वेगळी. दूरचा भूकंप, निर्वासितांची छावणी, महिनोन्‌महिने चालणारे उपचार, यतीम (अनाथ) मुलाचं दहा वर्षांचं शिक्षण, यांतलं काही एका माणसाच्या आवाक्यातलं नाही. कुटुंबाची चौकशी, नोंदी, दुहेरी मदत टाळणं हे काम चांगली संस्था शेजाऱ्यापेक्षा नीट करते. आणि घेणाऱ्याला कोणाच्याही नजरेला नजर द्यावी लागत नाही.

इथे अडचण तमलीकची, म्हणजे मालकी देण्याची, आहे. हनफी मतानुसार हक्कदार जकातीच्या मालाचा मालक व्हायला हवा. म्हणून दवाखान्याची इमारत, तपासणीचं यंत्र, विहीर, मशिदीची दुरुस्ती यांवर जकात खर्च करता येत नाही. रुग्णाचं बिल भरता येतं, पण तो हक्कदार असावा आणि त्याची परवानगी घेतलेली असावी. दुसरं म्हणजे संस्था तुमची वकील, म्हणजे प्रतिनिधी, असते: पैसे तिच्या खात्यात पडले म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही, ते हक्कदाराला मिळाले की संपते. कर्मचाऱ्यांचे पगार जकातीतून द्यावेत का, यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत. काही जण आठवा हिस्सा, म्हणजे 12.5 टक्के, ही कमाल मर्यादा धरतात. खर्च लिल्लाह रकमेतून (जकातीव्यतिरिक्तच्या ऐच्छिक दानातून) भागवणारी संस्था मिळाली तर तिलाच पसंती द्यावी.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: जकात, फितरा (रमजानच्या शेवटी ईदआधी द्यायचं दान), लिल्लाह आणि व्याजाची रक्कम यांची खाती वेगळी आहेत का? जकात किती दिवसांत वाटली जाते? हक्कदार कोण आणि कसा तपासतो? उत्तर गोलमोल आलं तर जकात तिथे देऊ नये, नफली (ऐच्छिक) सदका हवा तर द्यावा.

मोहल्ल्याचं बैतुलमाल (सामायिक निधी) हा मधला मार्ग आहे, आणि चांगलं चालत असेल तर आमच्या मते सगळ्यात उपयुक्त. अशअरी कबिल्याचं धान्य संपत आलं की ते सगळ्यांचं एका कापडात गोळा करून सारखं वाटून घेत, आणि प्रेषितांनी (स.) त्यांचं कौतुक केलं. परस्पर मदतीची ही रीत फितऱ्यासाठी अगदी चपखल: घरातल्या प्रत्येकामागे, तान्ह्या बाळासकट, एक साअ (धान्याचं एक माप), आणि तोही ईदच्या नमाजआधी पोहोचलेला. दूरच्या संस्थेला ही वेळ गाठायची तर रक्कम रमजानच्या सुरुवातीलाच द्यावी लागते. कर्जे हसना (बिनव्याजी कर्ज) हेही इथेच शोभतं, कारण सूरह बकराच्या 280व्या आयतीप्रमाणे अडलेल्याला मुदत द्यायची, तर तो खरंच अडलाय का हे जवळच्यांनाच कळतं. मात्र कर्जे हसनाच्या फिरत्या निधीत जकात टाकू नका. परत येणाऱ्या पैशाची तमलीक होत नाही.

विहीर, शाळा, वक्फ यांसाठी संस्थाच हवी. हजरत उमर (र.) यांनी खैबरची जमीन वक्फ केली ती मूळ राखून उत्पन्न वाटण्याच्या अटीवर, आणि मूळ पिढ्यान्‌पिढ्या राखायला कागद, मुतवल्ली (वक्फचा व्यवस्थापक) आणि हिशोब लागतात. हा पैसा जकातीव्यतिरिक्तचा असावा.

ठरवताना क्रम असा लावा. आधी नातेवाईक आणि शेजारी यांतली एक-दोन घरं निवडा आणि त्यांची एखादी गरज पुरती संपवा: थकलेलं भाडं, शिलाई मशीन, वर्षाची फी. उरलेलं बैतुलमाल किंवा संस्थेला द्या. जवळपास कोणी हक्कदार नसेल किंवा तुम्हाला चौकशी जमत नसेल तर सगळी रक्कम संस्थेला देण्यात काही गैर नाही. पावतीवर मात्र ‘जकात’ हे खातं लिहून घ्या. ‘देणगी’ एवढंच लिहिलेली रक्कम कुठल्याही कामात खर्ची पडू शकते.