कॅथलिक बालवाडी: वर्गातला धर्मपाठ की एट्रियम?

अक्षरं, अंक, आपली पाळी येईपर्यंत थांबणं हे सगळं दोन्ही प्रकारच्या कॅथलिक बालवाड्यांत सारखंच. फरक धर्मशिक्षणात आहे.

नेहमीच्या वर्गात बाई येशूच्या गोष्टी सांगतात. मुलं क्रूसाची खूण, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया शिकतात, नाताळची चित्रं रंगवतात. घरी लगेच म्हणून दाखवतात, पालक खूश!

दुसरी पद्धत 'उत्तम मेंढपाळ' (म्हणजे येशू) धर्मशिक्षणाची. सोफिया कॅव्हालेत्ती आणि माँटेसरी शिक्षिका जियाना गोब्बी यांनी ती १९५४ मध्ये रोममध्ये सुरू केली. तीन ते सहा वर्षांची मुलं एट्रियम नावाच्या, खास धर्मशिक्षणासाठीच्या खोलीत छोटी वेदी मांडतात, लाकडी मेंढरं हलवत येशूचे दृष्टांत ऐकतात, शांत बसायला शिकतात. पाठांतर कमी, त्यामुळे 'आज काय शिकलास?' याला उत्तर मिळेलच असं नाही. तरी माझा कल इकडेच. फक्त शिक्षकांनी या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलंय का, हे प्रवेशाआधी विचारा.