मोझा आर९: गिअरच्या व्हीलवरून डायरेक्ट ड्राइव्हकडे

गिअरवर चालणारे गेमिंगचे स्टिअरिंग व्हील सोडून डायरेक्ट ड्राइव्ह घ्यावे का, हा विषय पुण्यातल्या सिम रेसिंग (संगणकावर शर्यतीची गाडी चालवण्याचा खेळ) करणाऱ्या मंडळींच्या गप्पांत हमखास निघतो आणि बहुधा बेस, म्हणजे स्टिअरिंगला जोर देणारा मोटरचा भाग, किती न्यूटन-मीटर ताकदीचा आहे, या एकाच प्रश्नापाशी अडतो. लॉजिटेक जी२९ या गिअरच्या व्हीलवर काही वर्षे काढल्यानंतर मी मोझा कंपनीचा आर९ हा डायरेक्ट ड्राइव्ह बेस घेतला. तो रोज वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की या बदलात ताकद ही दुय्यम बाब आहे. खरी कमाई आहे ती हाताला मिळणाऱ्या माहितीची.

जी२९ मध्ये दोन लहान मोटरींचा जोर तिरप्या दात्यांच्या गिअरमधून स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो. दात्यांमध्ये थोडी ढील राहतेच, त्यामुळे सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मध्यभागी किंचित मोकळे वाटते आणि बारीक थरथर दात्यांच्या खडखडाटात हरवून जाते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये स्टिअरिंग थेट मोटरच्या दांड्यावरच बसते. मध्ये ना गिअर, ना पट्टा. गेमने पाठवलेला लहानसा झटकाही त्यामुळे न बोथटता हातात येतो.

याचा फायदा मला सर्वांत स्पष्ट जाणवला तो असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने या गेममध्ये, बेल्जियममधल्या स्पा सर्किटच्या पूऑं या उतारावरच्या लांबलचक डाव्या वळणात. वळताना पुढची चाके स्वतःहून सरळ होऊ पाहतात आणि तोच जोर आपल्याला स्टिअरिंगचा जडपणा म्हणून कळतो. टायरची पकड कमाल पातळीला पोहोचण्याच्या थोडे आधीच हा जोर ओसरू लागतो, म्हणजे स्टिअरिंग हलके पडू लागले की पुढचे टायर घसरण्याच्या बेतात आहेत, हे चालकाने ओळखायचे असते. जुन्या व्हीलवर हा हलकेपणा इतका पुसट असे की गाडी वळणाबाहेर जाताना डोळ्यांना दिसल्यावरच हात सावरत. आर९ वर तो बोटांना आधी कळतो, मी स्टिअरिंग केसभर सैल सोडतो आणि गाडी पुन्हा रेषेवर येते. निव्वळ या एका गोष्टीसाठीही मी हा खर्च पुन्हा करेन.

आता ताकदीविषयी. आर९ चा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) ९ न्यूटन-मीटर आहे, तर जी२९ चा सुमारे २. ३० सेंटिमीटर व्यासाच्या रिमवर ९ न्यूटन-मीटर म्हणजे कडेला साधारण सहा किलोचा ओढा, आणि २ न्यूटन-मीटर म्हणजे जेमतेम १.४ किलोचा. तरीही मी बेस पूर्ण ताकदीवर चालवत नाही. जादा क्षमतेचा खरा उपयोग असा की मोठ्या वळणात जोर वाढलेला असतानाही कर्बचा (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याचा) किंवा खड्ड्याचा धक्का दाखवायला मोटरकडे वाव शिल्लक राहतो. लहान व्हील तिथे आधीच कमाल मर्यादेला टेकलेले असते, त्यामुळे वरचा सगळा तपशील कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. नव्याने घेणाऱ्याने पिट हाउस या मोझाच्या सॉफ्टवेअरमध्ये टॉर्क साठ टक्क्यांच्या आसपास ठेवून सुरुवात करावी, गेममधला गेन (गेम व्हीलला पाठवतो त्या जोराचे प्रमाण) क्लिपिंग होणार नाही इतका ठेवावा आणि मनगटांना सवय झाली की मगच पुढे जावे.

मात्र हा बेस अभ्यासाच्या टेबलाला लावायचा विचार असेल, तर आधी स्टँडचा खर्च हिशोबात धरावा. टेबल हलले, तर ज्या बारकाव्यांसाठी पैसे मोजले तेच त्या हालचालीत वाया जातात. पुण्यात राहणाऱ्याची या बाबतीत चांगली सोय आहे, कारण भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल हव्या त्या मापात कापून मिळतात. माझी रिग, म्हणजे सीट आणि व्हील बसवायचा सांगाडा, तशीच तयार झाली; तिच्यावरचे सीट एका जुन्या हॅचबॅकचे असून ते मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळाले. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आणखी एक दिलासा असा की गिअरचा खडखडाट गेल्यामुळे रात्री उशिराच्या शर्यतींचा घरच्यांना त्रास होत नाही. बेसमध्ये पंखा नाही आणि धातूचे आवरणच उष्णता बाहेर टाकते, म्हणून तो कपाटात कोंडल्यासारखा बसवू नये.

सुरक्षिततेबद्दल गांभीर्याने सांगायला हवे. गाडी भिंतीवर आदळली की स्टिअरिंग एकदम फिरते, आणि अंगठे स्टिअरिंगच्या आऱ्यांत अडकलेले असतील तर दुखापत होऊ शकते. अंगठे रिमवर टेकवून धरण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी, आणि घरातल्या लहान मुलांच्या हाती व्हील देण्यापूर्वी टॉर्क अगदी खाली आणावा.

ज्यांच्याकडे अजून जी२९ सोबतचेच पेडल आहेत, त्यांनी आधी लोड सेलचा ब्रेक घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पाय किती खाली गेला यापेक्षा किती दाब दिला यावर चालणारा ब्रेक लॅपच्या वेळेत सातत्य आणतो, आणि ते सातत्य आल्यावरच बेस देत असलेल्या माहितीचा उपयोग करता येतो. प्लेस्टेशनवर खेळणाऱ्यांसाठी आर९ नाही, तो पीसीवरच चालतो. त्यांनी ग्रॅन टुरिस्मो डीडी प्रोसारखा प्लेस्टेशनला चालणारा फॅनाटेकचा बेस पाहावा. तो मूळ पुरवठ्यावर ५ आणि मोठ्या अ‍ॅडॉप्टरवर ८ न्यूटन-मीटर टॉर्क देतो.