प्रिंटरने कागद ओढला नाही, माझे पैसे मात्र बरोबर ओढले

लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं, कारण चूक माझीच आहे आणि वाचून चार जण हसणार हे माहितीये. हसा. पण घरात ज्याच्या हातात प्रिंटर आणि कार्ड दोन्ही आहे त्याला हे वाचायला द्या.

तर आमच्याकडे साधा इंकजेट आहे, ऑल इन वन, कागद मागच्या ट्रेमध्ये उभा घालायचा. एका रात्री अचानक कागद घेईना. आतून घुर्र घुर्र आवाज येतोय, रोलर फिरतोय हे कळतंय, कागद मात्र जागचा हलत नाही आणि मग स्क्रीनवर "आउट ऑफ पेपर". अरे, अख्खा गठ्ठा ठेवलाय तुझ्यापुढे! कागद काढून परत घातले, बंद करून चालू केला, वरून एक चापटही मारली. रात्रीचे साडेदहा वाजलेले, मुलीला सकाळी प्रोजेक्टची आठ पानं न्यायची होती आणि ती दर पाच मिनिटांनी दारात येऊन "झालं का बाबा?" करत होती. एरवी मी इतका बावळट नाहीये हो, पण घाई असली की माणूस काय वाटेल ते करतो.

लॅपटॉपवर सर्च केलं, प्रिंटरचं नाव आणि पुढे हेल्पलाइन. सगळ्यात वर जी लिंक आली ती उघडली. तिच्यावर बारीक अक्षरात "स्पॉन्सर्ड" लिहिलेलं होतं, म्हणजे पैसे भरून वर आणलेली जाहिरात, पण ते मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. पान एकदम व्यवस्थित, प्रिंटरचा फोटो, मॉडेल नंबर टाकायला चौकोन. टाकला. हिरवी पट्टी सरकायला लागली, ९० टक्क्यांच्या आसपास येऊन लाल झाली आणि खाली आलं, "ड्रायव्हर करप्ट झाला आहे, ताबडतोब आमच्या तज्ञांशी बोला", आणि एक फोन नंबर. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांची बोलणी करून देणारं सॉफ्टवेअर. नंतर डोकं ठिकाणावर आल्यावर मी जुन्या फोनवरून तेच पान उघडून मॉडेलच्या जागी "मांजर १२३" टाकलं. मांजराचा पण ड्रायव्हर करप्ट निघाला.

पण त्या रात्री फोन लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला, आणि खरं तर तिथेच खटकायला हवं होतं, कारण खऱ्या कस्टमर केअरला अर्धा तास गाणं ऐकल्याशिवाय माणूस भेटत नाही. आवाज गोड, बोलणं नम्र. "सर, काळजी करू नका, दहा मिनिटांत प्रिंट निघेल." मग एक अ‍ॅप डाउनलोड करायला लावलं, त्यात आलेला नंबर वाचून दाखवायला सांगितला, एक परवानगीचं बटण दाबायला लावलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझा कर्सर आपोआप फिरायला लागला. हात माझे मांडीवर. तो कर्सर स्वतःहून फिरताना बघून पोटात कसंतरी झालं होतं, पण तोवर मी "सर सर" ऐकून गार झालो होतो.

आता तो काय दाखवतो ते नीट वाचा, कारण ठरलेला खेळ आहे. आधी विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. त्यात लाल आणि पिवळ्या खुणांची ही मोठी यादी. "बघा सर, किती एरर आहेत, सगळं इन्फेक्टेड आहे." मी घाबरलोच. तुम्ही आत्ता तुमच्या चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरवर ते उघडा, तशीच यादी दिसेल, कारण विंडोज बारीकसारीक गोष्टीची तिथे नोंद करत असतं, एखादी सर्व्हिस दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी. मग कमांड टाइप करायची काळी विंडो उघडून नेटस्टॅट टाइप केलं, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर कुठेकुठे जोडलेला आहे त्याची यादी, त्यात एका रकान्यावर लिहिलेलं असतं "फॉरेन अ‍ॅड्रेस". म्हणे हे परदेशी हॅकर तुमच्या नेटवर्कमध्ये बसलेत, तेच प्रिंटरला कागद घेऊ देत नाहीत. फॉरेन म्हणजे फक्त समोरच्या टोकाचा पत्ता, तुम्ही एखादी वेबसाइट उघडली तरी तिथे दिसतो. पण रात्री अकरा वाजता हे कुणाला आठवतंय. हॅकरला माझा कागद अडवून काय मिळणार, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही!

मग प्लॅन. एक वर्षाचा, तीन वर्षांचा आणि "लाइफटाइम". मी शहाणपणा करून सगळ्यात स्वस्त एक वर्षाचा घेतला. कार्डाचे नंबर मीच टाइप केले, तो स्क्रीन बघत असताना. मग म्हणाला, सर आता स्कॅन होईल, स्क्रीन काळी दिसेल, हात लावू नका, ओटीपी आला की मला सांगा. स्क्रीन काळी झाली, ओटीपी आला, मी वाचून दाखवला. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली असते. मी सहा आकडे वाचले आणि त्याच ओळीतली रक्कम वाचली नाही. ती सांगितलेल्या रकमेच्या तिप्पट होती.

आणि एवढं सगळं झाल्यावर प्रिंट? नाहीच. "नेटवर्क सिक्युअर व्हायला २४ तास लागतात सर." मुलीची आठ पानं सकाळी शेजाऱ्यांकडून काढून आणली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका मित्राला सांगितलं, फसवणुकीचं नाही, फक्त प्रिंटरचं. त्याने एकच विचारलं, "कॉपीचं बटण दाबून बघितलंस का?" म्हणजे काय, तर कॉम्प्युटरची केबल काढायची, वायफाय असेल तर तेही बंद, काचेवर कुठलाही कागद ठेवायचा आणि प्रिंटरवरचंच कॉपीचं बटण दाबायचं. तरीही कागद ओढला नाही तर बिघाड कॉम्प्युटरमध्ये नाहीच, ड्रायव्हर नाही, व्हायरस नाही, हॅकर तर नाहीच नाही. एका मिनिटाचं काम. घरी येऊन केलं, तीच घुर्रघुर्र. त्या गोड आवाजाच्या माणसाने चाळीस मिनिटांत एकदाही विचारलं नव्हतं की ट्रेमध्ये किती कागद आहेत, आवाज येतोय का, झाकण शेवटचं कधी उघडलं होतं.

मग प्लग काढून टॉर्च घेऊन मागून आत बघितलं. कागद उचलणारा छोटा रबरी रोलर असतो, नवा असताना खरखरीत असतो. माझा चकचकीत, गुळगुळीत, आणि वर पांढरट भुकटीचा थर. कागदाचीच धूळ. घसरडा झाला की तो जागच्या जागी फिरतो, कागदाला धरत नाही, आणि कागद सेन्सरपर्यंत पोचला नाही की प्रिंटर समजतो कागद संपले. एवढंच होतं सगळं. धागे न सुटणारं कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळलं आणि रोलर जमेल तसा बोटाने फिरवत सगळीकडून पुसला, मॅन्युअलमध्ये फक्त पाणीच लिहिलं होतं म्हणून स्पिरिट वगैरे लावलं नाही. कापडावर काळे पट्टे उठले. काही प्रिंटरच्या मेन्यूत रोलर क्लीनिंग असतं, माझ्यात नव्हतं. शिवाय मी ट्रे ठासून भरला होता आणि बाजूची पट्टी इतकी दाबून लावली होती की कागद मध्ये फुगला होता. वीसेक कागद काढले, उरलेले फुलवून परत घातले, पट्टी नुसती टेकवली. रोलर वाळल्यावर बटण दाबलं आणि कागद सर्रकन आत गेला. हसू की रडू कळेना.

मग मात्र हातपाय हलवले. आधी लॅपटॉपचं नेट तोडलं. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला फोन केला (सर्च करून मिळालेल्या नाही, एकदा पोळलोय), कार्ड बंद करून व्यवहाराची तक्रार टाकली. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बायकोच्या फोनवरून बदलले, त्या लॅपटॉपवरून नाही. ते अ‍ॅप काढून टाकलं तरी विश्वास बसेना, कारण कोणाला विचारल्याशिवाय परत आत येता येईल अशी सेटिंगही त्यात करून ठेवता येते, म्हणून फोटो वेगळे काढून अख्खं विंडोज नव्याने टाकलं. सायबर पोलिसांकडे तक्रारही केली. ओटीपी मीच दिला असल्यामुळे बँकेचं अजून "चौकशी चालू आहे" एवढंच आहे.

आणि हे संपत नाही बरं का. बाराव्या दिवशी परत फोन, आवाज वेगळा. "सर, आमची कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत द्यायचेत, फक्त लॅपटॉप चालू करून बँकेचं पान उघडा." यात ते बँकेच्या पानावरचे आकडे फक्त तुमच्या स्क्रीनवर बदलून दाखवतात की चुकून जास्त पैसे आले, मग रडून "जास्तीचे" परत मागतात, नोकरी जाईल म्हणतात. पान रिफ्रेश केलं की खरी शिल्लक दिसते. मी म्हटलं, आधी सांगा, माझा प्रिंटर कागद का घेत नव्हता? दोन सेकंद शांतता, मग "सर, तो सर्व्हर इश्यू होता." ठेवला फोन.

प्रिंटर सध्या चालतोय. कधीकधी दोन कागद एकदम ओढतो, सेपरेशन पॅड, म्हणजे एका वेळी एकच कागद सोडणारी पट्टी, झिजलं असणार, ते बदलायचंय. त्याचा पार्ट नंबर मॅन्युअलमधून शोधतोय, सर्च करून नाही.